रॅफल्स प्लेसच्या टेबलावरचे बैल

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. एकाने सांगितला की दुसऱ्याला त्याचा आठवतो, आणि बघता बघता जेवणाच्या सुट्टीला एक विषयच चिकटतो. सार्सची साथ ओसरून ऑफिसं पुन्हा गजबजली होती, तेव्हाची गोष्ट. रॅफल्स प्लेसच्या बँकेतले आम्ही चौघं रोज एकाच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या शेडमध्ये, जेवायचो. मी, सावंतवाडीकडचा परब, स्पेनचा हाविएर आणि इथलाच मलय रोस्ली. आमच्या टेबलाला चिकटले ते बैल.

सुरुवात रोस्लीने केली. त्याची आजी सुमात्राची, मिनांगकाबाऊ जमातीची. तिकडची जुनी कथा अशी, की परका राजा चालून आला आणि लढाईऐवजी रेड्यांची झुंज लावायचं ठरलं. राजाने आणला धिप्पाड रेडा. गावकऱ्यांनी सोडलं उपाशी ठेवलेलं दूधपितं रेडकू, नाकाला सुरी बांधून! रेडकाला वाटलं आई आली. ते धावत जाऊन पोटाखाली घुसलं. रेडा मेला, राज्य वाचलं.

आम्ही हसलो. रोस्ली हसला नाही. म्हणाला, सगळे ही गोष्ट इथेच संपवतात, आजी संपवायची नाही.

"रेडा मेल्यावरही रेडकू त्याच्या पोटाखाली दूध शोधतच होतं," ती सांगायची.

* * *

हाविएरचे आजोबा झुंजीच्या रिंगणामागे वळू सांभाळायचे. तिथला एक कडक नियम म्हणजे, रिंगणात येईपर्यंत त्या वळूसमोर पायी चालणारा माणूस कापड घेऊन कधीच उभा राहिलेला नसावा. कारण वळू फार लवकर शिकतो. कापड खोटं आणि माणूस खरा, हे त्याला एकदा कळलं की संपलं.

एका दुपारी एक वळू आत आला आणि त्याने कापडाकडे पाहिलंच नाही. पहिल्या क्षणापासून तो फक्त माणसाकडे बघत होता. माणसाला उचलूनच बाहेर न्यावं लागलं. वळूचा मालक शपथेवर सांगत राहिला, की याच्याजवळ आजवर कोणी गेलेलं नाही.

आजोबांना ते खरं वाटलं. वळूंच्या आया निवडताना तिकडे गाईंची परीक्षा घेतात, त्यांच्यापुढे कापड नाचवून.

"हा नाही शिकला," आजोबा म्हणाले, "याची आई शिकली होती."

* * *

पुढच्या पोंगलला लिटिल इंडियात कुंपण घालून गाईबैल आणले होते. आम्ही लंच टाइमला बघायला गेलो. बैल कसले, अगदी गरीब. गळ्यात हार, पोरं पाठीवरून हात फिरवतायत. हाविएरला हुक्की आली. त्याने अंगातला कोट काढला आणि कुंपणाबाहेरून झोकात फिरवला. लोक टाळ्या वाजवायला लागले.

बैल रवंथ करायचा थांबला. त्याने मान वर केली. कोट डावीकडे गेला, उजवीकडे गेला, बैलाची मान हलली नाही. तो हाविएरच्या चेहऱ्याकडे बघत होता.

 त्या घामट उकाड्यात हाविएरने कोट परत अंगात घातला आणि सगळी बटणं लावली.

* * *

त्याच हाविएरच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये, भिंतीवर आजोबांकडून आलेलं वळूचं मुंडकं होतं. घरमालकीण, एक चिनी आंटी, ते पाहून दारातच थबकली. कान कुठे गेले म्हणाली. हाविएरने समजावलं, की झुंज जिंकणाऱ्याला कान कापून देतात, तो मान असतो. आंटीला बरं वाटलं. कान नाहीत म्हणजे आपलं बोलणं त्याला ऐकू जात नाही, मग राहू दे.

महिन्याभराने ती गीझर दाखवायला प्लंबरला घेऊन आली. जाताना हाविएरला बाजूला घेऊन, इथल्या सवयीचा ‘ला’ शेवटी लावत, हळूच म्हणाली, "हे काढ ला. हा ओठ बघून ऐकतो."

* * *

परब या सगळ्यात गप्प असायचा. त्यांच्याकडे झुंजीत बैल मरत नाहीत, एवढंच त्याने एकदा सांगितलं होतं. कापणी झालेल्या शेतात दोन बैल डोकं भिडवतात, एकमेकांना रेटतात, आणि जो पाठ फिरवून पळतो तो हरला. कोर्टाने बंदी घातल्यावर त्याच्या वडिलांनी झुंजी सोडल्या, पण एक बैल ठेवला होता. म्हातारा, गोठ्यात बसून राहणारा.

एका दुपारी जेवताना परबला गावाहून फोन आला. परदेशात बोलायचं म्हणजे ओरडायला हवं, असा वडिलांचा समज, त्यामुळे शेजारी बसून मला सगळं ऐकू येत होतं.

सकाळी बैलाने दावं तोडलं होतं आणि तो जुन्या झुंजीच्या शेतात जाऊन उभा राहिला होता. एकटाच. मग त्याने डोकं खाली घातलं आणि रेटायला लागला. समोर काहीच नव्हतं. माणसं जमली, पण आत जायला कोणी धजेना. कारण बैल मागे सरकत होता. खूर मातीत रोवलेले, मान ताठ, आणि तरी मागे मागे. ढेकळं फुटत होती. शेवटी त्याने पाठ फिरवली आणि पळत गोठ्यात आला. मानेवर जखम होती, शिंगाची, ओली.

परबचा चमचा हातातच राहिला होता. बैल कसा आहे, हेही त्याने विचारलं नाही. गावाकडच्या बोलीत, अगदी हळू म्हणाला, "बाबा, समोरचो कोणाचो होतो, कळला?"

पलीकडून पहिल्यांदाच आवाज खाली आला. मला वाकून ऐकावं लागलं.

"कळला. पण नाव फोनार नको."