एकशेसत्तरावा ठिपका

पंधरा ते आठ म्हणजे एकशेएकोणसत्तर ठिपके. मधली ओळ पंधराची. तिच्या वर आणि खाली दर ओळीला एकेक कमी करत आठापर्यंत यायचं. पंधरा ओळी होतात, आणि बेरीज कुणीही करा, कुठल्याही गावात करा, एकशेएकोणसत्तरच येते. हे आधीच सांगून ठेवते, कारण एका जास्तीच्या ठिपक्यापायी माझ्यावर भर सभागृहात चोरीचा आळ आला होता. मी माझीच रांगोळी चोरली, असा.

मी ठिपक्यांच्या रांगोळ्या रचते. काढणाऱ्या पुष्कळ असतात, मी रचते. नोकरी कधी केली नाही. घर चालवलं, मुलगी वाढवली आणि उरलेल्या वेळात चौकटीच्या वहीत ठिपके मांडले. मोर, कमळ, गालिचा हे सगळं इतरांनी करून झालं होतं. मी हापूसचा मोहर केला, नांगर टाकलेली होडी केली, सुरमई केली, रातांब्याची फांदी केली. एकेक रचना जुळायला दहा-पंधरा दिवस जातात. रेषा कुठे तुटता कामा नये, एकही ठिपका वाया जाता कामा नये, आणि सुरमई ही सुरमईच दिसली पाहिजे, बांगडा नाही.

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने दारात रांगोळी टिकत नाही. घरापुढचं अंगण, ज्याला आम्ही खळं म्हणतो, त्याचा तेव्हा चिखल झालेला असतो. पाऊस ओसरला की माती घालून ते पुन्हा करायचं, चोपण्यानं चोपायचं, शेणानं सारवायचं. दसऱ्यापर्यंत ते होतं. त्यामुळे माझं काम दोन हप्त्यांत चालतं. पावसाळ्यात वहीवर रचायचं आणि खळं झालं की खाली बसून प्रत्येक रचना एकदा काढून बघायची. वहीत प्रत्येकीला क्रमांक, तारीख, ओळी, ठिपके आणि खळ्यात लागलेली मिनिटं. खळ्यात काही दुरुस्ती निघाली तर ती लाल शाईनं. माझा नियम एकच होता : खळ्यात उतरली नाही ती रचना घराबाहेर जायची नाही.

तो नियम मी २००४ साली मोडला.

मुलगी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंग शिकत होती. सुट्टीत घरी आली आणि माझ्या वह्या बघून म्हणाली, "आई, हे असं पेटीत ठेवायचं असतं का? नेटवर फुकट पान मिळतं. मी बनवते तुझं."

फोटो स्टुडिओत जाऊन आम्ही बासष्ट रचना स्कॅन केल्या. मी प्रत्येकीला भोवती दुहेरी रेघेची चौकट आखली होती आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात नाव, गाव घातलं होतं. त्यांतल्या चोपन्न खळ्यात उतरलेल्या होत्या. आठ त्याच पावसाळ्यातल्या, कोऱ्या.

"या आठ नंतर टाक," मी म्हटलं. "खळं झाल्यावर."

"नंतर म्हणजे कधी? मी परवा निघणार. तुझं खळं होईपर्यंत लोकांची दिवाळी येऊन ठेपेल."

मी हो म्हटलं. त्या आठांत एक समुद्रकासव होतं.

ऑक्टोबरात खळं झालं आणि मी कासव काढायला बसले. ठिपके देण्यासाठी माझ्याकडे जुन्या कॅलेंडरच्या कागदाला उदबत्तीनं भोकं पाडलेली चाळणी असते. ती अंथरून रांगोळी फिरवली की ठिपके नेमके पडतात. पंधरा ते आठची चाळणी अंथरली, ठिपके दिले, रेषा ओढत आले आणि डाव्या मागच्या पायाशी अडले. पायाचं टोक ज्या ठिपक्यावर जायला हवं तो ठिपका खळ्यात नव्हताच. वही आणून मोजलं. बाराव्या ओळीत अकरा हवेत तिथे बारा मांडले होते. एकूण एकशेसत्तर. कागदावर पेन तसंच पुढे जातं, खळ्यात चिमूट थांबते. मी लाल शाईनं लिहिलं, "बारावी ओळ, एक ठिपका जास्त. खळ्यात सापडला," खाली तारीख घातली आणि पाय नव्यानं जुळवला. मुलीला फोन केला, सुधारलेलं चित्र पोस्टानं धाडलं, तिनं ते पानावर बदललं. चुकीचं कासव आमच्या पानावर दहा आठवडे होतं. मला वाटलं, संपलं.

पुढच्या दिवाळीत शहरातल्या एका महिला मंडळाची स्पर्धा होती. तेवीस जणी, वेळ दोन तास, आणि पाचवा नियम : रचना स्वतःची हवी. तो वाचूनच मी नाव दिलं होतं. परीक्षक म्हणून चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळ्या जणी नुसतं 'बाई' म्हणत. बाई हातात फाईल घेऊन रांगेतून फिरत होत्या. माझ्या चौकोनाशी येऊन थांबल्या. माझं कासव अर्ध्यावर आलं होतं.

"ही कुठून घेतलीत?"

"माझी आहे, बाई."

"काढताय तुम्ही, ते दिसतंय मला. रचना कुणाची?"

"रचनाही माझीच."

बाईंनी फाईल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. "या वर्षी आम्ही खबरदारी घेतली आहे. नेटवरच्या रांगोळ्यांचे छापील कागद काढून आणलेत. हे बघा."

माझंच कासव होतं. पाठीवर जांभळ्या ठळक अक्षरांत कुठल्याशा संकेतस्थळाचं नाव आडवं छापलेलं. माझी दुहेरी चौकट वरून होती, डावीकडून होती. खालची आणि उजवी बाजू मात्र साफ कापलेली. कोपरा गेला होता आणि त्याबरोबर माझं नावही. हे असं काही झालंय, याची मला तोपर्यंत कल्पना नव्हती. चिमटीतली रांगोळी तशीच राहिली.

"उठा तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतलाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. बावीस जणींनी माना वळवल्या. "दुसऱ्याची रचना आणून स्वतःची म्हणायची, या वयात? लहान मुलींनी काय शिकायचं?"

माझं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं. मी उठले नाही.

"बाई, तुमच्या हातातल्या कागदावरचे ठिपके मोजा."

"कशाला?"

"वर लिहिलंय ना, पंधरा ते आठ? किती व्हायला हवेत?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "एकशेएकोणसत्तर." हे मात्र मानलं. त्यांना पाठ होतं.

"मग मोजा."

बाईंनी पेन्सिल घेतली आणि एकेका ठिपक्यावर टेकवत मोजायला लागल्या. शेजारच्या दोघी-तिघी हात झटकत जवळ आल्या. एकशेसत्तर. बाईंनी परत मोजले. परत एकशेसत्तर.

"बारावी ओळ बघा," मी म्हटलं. "अकराच्या जागी बारा आहेत. ही चूक माझी आहे, माझ्या हातची. गेल्या वर्षी पावसात झाली. त्यांनी चुकीसकट उचलली. या कागदावरून कुणीही काढायला बसलं तर डाव्या पायाशी अडेल. मी काढत्येय ते बघा, एकशेएकोणसत्तर आहेत आणि पाय जुळतोय."

"हे तुम्ही आत्ता मोजून सांगत असाल."

तेवढ्यात माझ्या डावीकडची बाई, हातखंब्याहून आलेली, पदर खोचत पुढे झाली. "बाई, मी बोलू? ह्या कासवानं गेल्या दिवाळीत माझा जीव खाल्लान. हाच कागद, हीच जांभळी अक्षरं. पाय काय जुळता जुळेना. तीनदा पुसलं. सासूबाई म्हणाल्या, मेले, तुला पंधरापर्यंत मोजतासुद्धा येत नाही!"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. "मला खरंच वाटलं, माझंच डोकं चालत नाही. वर्षभर ठिपक्यांची काढलीच नाही मी."

ते वाक्य मला आळापेक्षा जास्त लागलं. पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी सभागृहाच्या फोनवरून घरी फोन लावला.

"अहो, पेटीतली वही घेऊन या. निळ्या पुठ्ठ्याची, चौथी."

"गॅसवर दूध आहे."

"बंद करा आणि या."

हे आले ते बाजाराच्या पिशवीत अकराच्या अकरा वह्या कोंबून. "सगळ्याच निळ्या आहेत," दारातूनच म्हणाले. "चौथी वरून का खालून, ते कुठे सांगितलंस?"

मी वही उघडून बाईंच्या हातात दिली. आदल्या वर्षीच्या जुलैची तारीख, कासव, एकशेसत्तर ठिपके, त्याखाली ऑक्टोबरातली लाल शाई. बाईंनी ते पान वाचलं. मग मागची पानं उलटली, पुढची उलटली. मग चष्मा काढला.

"तुम्ही काढा पुढे," हळू आवाजात म्हणाल्या. "झालं ते झालं. गैरसमज होता."

"बाई, तुम्ही मला उठा म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलं. आता हे पण सगळ्यांनी ऐकायला हवं."

"अहो, स्पर्धा चालू आहे..."

"तेव्हाही चालूच होती."

हे माझ्यामागे उभे होते. आमचं माणूस एरवी मला बाही ओढून गप्प करतं. त्या दिवशी नाही ओढली.

बाई माइककडे गेल्या. खाकरल्या. ही रचना स्पर्धक भगिनींची स्वतःची आहे, ती नेटवर परस्पर घेण्यात आली आहे, आणि आपण खात्री न करता बोललो ते चुकलं, असं त्यांनी सांगितलं. चांगल्या स्पष्ट मराठीत सांगितलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदरच आहे. माझी अठ्ठेचाळीस मिनिटं गेली होती. बाई म्हणाल्या, तेवढी वाढवून देते. मी म्हटलं, बाकीच्या बावीस जणींना नाहीत तर मला नकोत. कासव पुरं झालं, रंग भरायचे राहिले. पांढऱ्या कासवाला नंबर मिळाला नाही आणि मिळायलाही नको होता. शेजारची वेलबुट्टी खरोखरच सरस होती.

मुलीनं दुसऱ्या दिवशी पुण्यात बसून ते संकेतस्थळ सगळं चाळलं. आमच्या बासष्टपैकी एकेचाळीस तिथे होत्या, सगळ्या कोपरा कापलेल्या. आम्ही पत्र लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं : नेटवर टाकलेलं सगळ्यांचंच असतं, उलट तुमच्या कलेला आमच्यामुळे प्रसिद्धी मिळते आहे. मी मुलीला म्हटलं, यांना एवढंच विचार, प्रसिद्धी जर माझी तर कोपरा का कापलात? त्याला उत्तर आलं नाही.

ह्यांच्या ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, ठिपक्यांवर कुणाची मालकी नाही. कासवावरही नाही. त्या ठिपक्यांमधून तुमची रेषा जशी गेली, ती तुमची. आणि त्याचा पुरावा तुमच्या वह्या. त्या पावसात भिजू देऊ नका." वह्या तेव्हापासून पत्र्याच्या ट्रंकेत आहेत.

मुलीला मात्र वेगळंच सुचलं. "आई, तुझ्या चुकीनंच चोर पकडला ना? मग आता प्रत्येक रचनेत मुद्दाम एक ठिपका जास्त घालू. वहीत खरी, नेटवर खोटी. जो उचलेल तो आपोआप सापडेल."

हिशोबाला पक्की युक्ती होती. मी दिवसभर तिचा विचार केला. आणि दर वेळी मला ती हातखंब्याची बाई दिसली, खळ्यात उकिडवी बसलेली, तिसऱ्यांदा पुसणारी. चोरी त्यांची होती, पण तिला अडवणारा ठिपका माझा होता. खळ्यात न उतरवता मी तो घराबाहेर सोडला होता. एकदा चुकून सोडला. तोच आता ठरवून बासष्ट वेळा सोडायचा?

"नाही," मी फोनवर सांगितलं. "माझ्या पानावरून जी काढेल तिची रांगोळी जुळलीच पाहिजे. चोराच्या पानावरून काढेल तिचीसुद्धा."

"मग काय, नुसतं बघत बसायचं?"

"मी कधी नुसती बसल्येय?"

पुढच्या वर्षी मी नव्या रचना वेगळ्या पद्धतीनं केल्या. कोपऱ्यात नाव घालायचं बंद केलं. नाव रेषेतच आणलं. सुरमईच्या कल्ल्याचा बाक, होडीच्या दोराचा वेढा, फांदीला फुटलेली डहाळी, यांतून माझं नाव जातं, ठिपक्यांना धरून, बरोब्बर मधोमध. ते कापलं तर सुरमईचं डोकं जातं. पुसलं तर रेषा तुटते आणि रांगोळीच उरत नाही. एकेक रचना जुळायला आता पंधरा दिवसांऐवजी महिना लागायला लागला. पावसाळा पुरेना म्हणून संक्रांतीपासूनच वही उघडली, तरी वर्षाला आठच झाल्या. आठही दसऱ्यानंतर खळ्यात उतरल्या आणि मगच पानावर गेल्या.

दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. "आई, उचलल्या. आठातल्या सात."

"नावासकट?"

"नावासकट. वर त्यांची जांभळी अक्षरं आणि पोटात तू."

"मग त्यांना लिही, मालकिणीचं नाव तुम्ही स्वतःच छापलंय. आता सातही उतरवा."

चार दिवसांत सातही उतरल्या. जुन्या एकेचाळीस मात्र तिथेच होत्या. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सायबर कॅफेत जाऊन त्या मोजायला लागले आणि मोजून झाल्यावर एक पत्र पाठवायला लागले, आकड्यासकट. कॅफेवाल्याला पाठ झालं होतं. मी दारात दिसले की तो विचारायचा, "काकू, आज किती?"

विसाव्या पत्रानंतर एका सोमवारी मोजल्या तर चाळीस भरल्या. मी परत मोजल्या. कासव नव्हतं.

त्या सोमवारच्या पत्रात मी लिहिलं : एक उतरवलीत, नोंद केली आहे. चाळीस राहिल्या.