छोट्या झाडांचे जंगल

दादाला जाऊन दीड महिना झाला. तो पटवारी होता, मी तहसील कचेरीत कारकून. तो जमीन मोजून लिहीत असे आणि त्याने लिहिलेल्याची बेरीज मी करत असे. आम्हा दोघा भावांचे दिवस एकाच कागदाच्या दोन टोकांना गेले.

त्या कागदाविषयी आधी सांगायला हवे. दरवर्षी प्रत्येक पटवारी आपल्या गावाचा एक गोषवारा पाठवी. धान किती जमिनीत, पडीत किती, पाण्याखाली किती, मोठ्या झाडांचे जंगल किती, छोट्या झाडांचे किती, वस्ती आणि रस्ते किती, असे त्याचे रकाने. गावोगावचे हे गोषवारे माझ्या टेबलावर येत. त्यांचा मी तहसिलीचा तक्ता करी. तो जिल्ह्याला जाई, तिथून नागपूरला, आणि शेवटी साऱ्या देशाचा मिळून एक जाड ग्रंथ दिल्लीला छापला जाई. तो ग्रंथ मी एकदाच पाहिला. त्यात आमचा अख्खा जिल्हा एका ओळीत मावला होता.

गोषवाऱ्याला एकच कडक नियम होता. सगळ्या रकान्यांची बेरीज बंदोबस्ताच्या, म्हणजे सरकारी जमीनमोजणीच्या, वेळी ठरलेल्या गावाच्या क्षेत्राइतकी यायला हवी. जमीन काही वाढत नाही की आटत नाही. पण पटवाऱ्यांच्या कागदावर ती वाढे आणि आटे. मी नोकरीत नवा असताना असाच एक न जुळणारा कागद घेऊन कचेरीतल्या मुख्य कारकुनाकडे, बडे बाबूंकडे, गेलो. ते जबलपूरकडचे. अर्धे हिंदी, अर्धे मराठी बोलत.

"कितने का फर्क है, पंडित?"

"नऊ एकर कमी येतात. पटवाऱ्याकडे परत पाठवू का?"

"परत पाठवशील तो दिवाळी के बाद येईल. डाल दो छोटे झाड में."

"पण तिथे जंगल नसले तर?"

"कोई देखने जाए तो कह देना, बकरी खा गई."

सगळी कचेरी हसली. मीही हसलो आणि नऊ एकर झुडपे लावून मोकळा झालो. पिकांचे रकाने वरून तपासले जात, झुडपांकडे कोणी पाहत नसे. दुरुस्त केलेली प्रत पटवाऱ्याकडे परत जाई, तोही मुकाट्याने तीच आपल्या दप्तरात उतरवून घेई. पुढे पुढे मला बाबूंना विचारावेही लागेना. वाचनाची आवड असलेल्या माणसाला कंटाळवाणे काम लवकर उरकण्याची जी घाई असते, तीच मला होती. कागद उरकला की टेबलाच्या खणातले पुस्तक काढता येई.

मग दादाची बदली आमच्याच तहसिलीतल्या प्रतापगडाच्या बाजूच्या एका गावी झाली. तिथला आधीचा पटवारी म्हातारा होऊन घरी बसला होता. दादाने गेल्या गेल्या सगळे गाव साखळीने नव्याने मोजले. त्याचा पहिला गोषवारा आला तेव्हा बेरीज नेमकी जुळत होती. फक्त छोट्या झाडांचे जंगल आदल्या वर्षीपेक्षा बावीस एकरांनी कमी झाले होते आणि पाण्याखालची जमीन तेवढीच वाढली होती.

नेमका तोच कागद तहसीलदारांच्या हाती पडला. त्यांनी सरळ अर्थ लावला. गावच्या मालकाने, मालगुजाराने, परवानगीवाचून जंगल तोडले, तिथे बोडी म्हणजे लहान तळे खोदले आणि पटवाऱ्याने डोळे मिटले. दादाला नोटीस निघाली. पंधरा दिवसांत खुलासा द्यावा, न पटल्यास बडतर्फ करण्यात येईल. मसुदा बडे बाबूंचा होता. स्वच्छ प्रत मी लिहिली.

लिहून झाल्यावर मी आदल्या वर्षीचा कागद काढला. म्हाताऱ्या पटवाऱ्याने गावची जुनी बोडी आणि तिची पाळ लिहायचीच सोडली होती, त्यामुळे बेरीज बावीस एकर कमी आली होती. छोट्या झाडांच्या रकान्यात त्याचा आकडा खोडून वर नवा लिहिला होता. अक्षर माझे होते.

त्याच दुपारी मी तहसीलदारांपुढे जायला हवे होते. गेलो नाही. अकरा दिवस गेलो नाही. दादा खुलासा देईल, कोणी तरी बोडीवर जाऊन येईल, पाळीवरची जुनी आंब्याची झाडे पाहून ती नवी नाही हे ओळखील, आणि माझे नाव न निघता सगळे मिटेल, असे मी रोज स्वतःला सांगत होतो. बाराव्या दिवशी रविवार होता. मी दादाच्या गावी गेलो.

तो घरी नव्हता. गावचा कोतवाल साखळीचे एक टोक धरून धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होता आणि दुसरे टोक घेऊन दादा गुडघाभर पाण्यात, धानातून चालत होता. बायकामाणसे काम थांबवून पाहत होती. मला पाहून तो बाहेर आला.

"काऊन रे, कचेरीवाल्या? जेवला का?"

"जेवलो. तू हे काय करून राहिला, दादा?"

"पुन्हा मोजून राहिलो. माझंच कुठंतरी चुकलं असन."

"तुझं कायले चुकंन?"

"कागदावर बावीस एकर जंगल होतं न? कागद का खोटा बोलते? चार दिवसांपासून शोधून राहिलो. सापडतच नाही, बाप्पा."

कोतवाल धुऱ्यावरूनच म्हणाला, "मी सांगून थकलो यायले जी, अठी जंगल कधीच नोहतं. पण भाऊले माह्यापेक्षा कागदाचा भरोसा."

दादा हसला, पण ते हसू मला ओळखू आले नाही. लहानपणापासून मी त्याला कशाबद्दल साशंक पाहिले नव्हते. धुऱ्याला पाय लावून तो जागेचे माप सांगे आणि ते सहसा चुकत नसे. त्या दिवशी तो पावलागणिक मागे वळून साखळी सरळ आहे का ते पाहत होता. बोलायला गेलेला मी काही न बोलता परत आलो.

सोमवारी कचेरी उघडताच तहसीलदारांना सगळे सांगितले आणि जुना कागद पुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला.

"अशी आणखी किती गावे आहेत?"

मी नावे सांगायला लागलो. पाचव्या-सहाव्या गावाला त्यांनी हात वर केला.

"पुरे. त्यांच्याबद्दल अजून कोणी विचारलेले नाही."

नोटीस मागे घेतली गेली. माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. दादाची नोकरी राहिली. बाकी गावांची झुडपे मात्र तशीच दिल्लीला गेली, आणि छापील ग्रंथात ती आजही उभी असतील.

दादाला कारण कळलेच. त्याने मला एका शब्दाने विचारले नाही. फक्त त्या दिवाळीला जेवताना, सगळ्यांसमोर, भाताचा घास घेता घेता म्हणाला, "पुढच्या खेपी जंगल लावशीन त मोहाची झाडं लाव रे. फुलं तरी वेचू." सगळे हसले. वहिनीला त्यातले काहीच ठाऊक नव्हते, तीही हसली. मला वाटले, संपले.

पण पुढच्या वर्षीच्या त्याच्या खसऱ्यात, म्हणजे शेतवार मोजणीच्या वहीत, प्रत्येक आकड्याखाली एक बारीक टिंब होते. कचेरीत कोणाला ते कळेना. मी कोतवालाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्यांदा मोजलं का टिंब देते जी. एका मोजणीचा भरोसाच नाही राहिला त्याले." तेव्हापासून दादाचा कागद सगळ्यांत उशिरा येई. त्याच्या संथपणाची पटवाऱ्यांत थट्टा होई, आणि बढतीच्या यादीत त्याचे नाव दरवर्षी मागे राही. मी दरवर्षी त्या टिंबांवरून बोट फिरवून बेरीज करी. ती कधी चुकली नाही. फरक कुठे टाकायचा हा प्रश्न त्याच्या गावापुरता मला पुन्हा पडला नाही.

यंदा हिवतापाने त्याला मोजणीच्या ऐन मध्यावर गाठले. तो गेल्यावर त्याचे दप्तर माझ्या टेबलावर आले. अर्ध्या आकड्यांखाली टिंबे होती, पुढच्या अर्ध्यांखाली नव्हती. बेरीज दोन एकर कमी येत होती. मी तीनदा केली. शेजारच्या टेबलावरचा नवा कारकून म्हणाला, "काका, दोनच तर एकर आहेत." त्याला कोणी शिकवले असेल ते मला माहीत होते. मीच.

मी रजा काढली. जिल्ह्याला कळवले की या एका गावाचा कागद उशिरा येईल.

कोतवाल आता पिकला आहे, पण साखळी त्यानेच धरली. धान कापून झाले आहे आणि धसकटांतून लाखोळीचे पीक हिरवे दिसते आहे. दोन एकर तिसऱ्या दिवशी सापडले. यंदाच्या पुरात नाल्याने काठ तोडून दोन बांध्या गिळल्या होत्या. दादाने त्या शेतांचे क्षेत्र कमी करून लिहिले होते, नाल्याचे वाढवायचे राहून गेले होते.

"अठूनच घरी गेलते भाऊ," कोतवाल म्हणाला. "थंडी वाजून राहिली म्हणे. उद्या येतो म्हणे."

आम्ही नाला मोजला. साखळी गोळा करायला तो वाकला तेव्हा मी म्हणालो, "पुन्हा एकदा."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि साखळीचे टोक घेऊन तो पलीकडच्या काठावर गेला.

बेरीज आता जुळते. कागद उद्या पाठवता येईल. पण टिंब नसलेले आकडे अजून बरेच आहेत आणि रजेचे पाच दिवस शिल्लक आहेत. हे मी गावच्या चावडीत बसून लिहितो आहे. कोतवाल भाकर खायला घरी गेला आहे. तो आला की आम्ही बोडीखालच्या बांध्या धरणार आहोत.