ब्लॅक मेटल ऐकताना पखवाजी कान

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून मी मुलीची सीडी लावली. नॉर्वेच्या पोरांचा ब्लॅक मेटलचा, म्हणजे सैतानाची गाणी गाणाऱ्या कर्कश रॉकचा, गाजलेला अल्बम. कव्हरवरचे प्रेतासारखे रंगवलेले चेहरे बघून मीच ती वर्षभर कपाटात कोंडली होती.

आधी नुसता गोंगाट वाटला. पण मी पंचवटीत भजनाला पखवाज वाजवतो, त्यामुळे कान ड्रमकडे गेला. केवढा वेग, तरी लय तसूभर हलत नाही! गिटार एकाच सुरावटीभोवती घोळत राहिली आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"अण्णा, देव कोपेल हं!" मुलगी दारातून म्हणाली.

"गप गं. केवढा रियाज केलाय पोरांनी!"

दोन वर्षं ती ड्रम शिकू द्या म्हणत होती. दुपारी क्लासात तिचं नाव घालून आलो.