चऱ्होलीच्या लाल गाडीचा आवाज

ती घटना आठवली की आजही आधी कानात एक आवाज घुमतो आणि मग माणसं दिसू लागतात.

मी तेव्हा भोसरी भागातल्या पोलीस ठाण्यात होतो. हिवाळ्यातली दुपार होती. जप्त दुचाकींच्या रांगेशेजारी उन्हात एक लालभडक स्पोर्ट्स कार उभी होती. मालक चऱ्होलीचा, शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिलेल्या घरातला. परगावी जाताना त्याने वडिलांना सांगितलं होतं की सायलेन्सरचा तडा भोसरीतून वेल्डिंग करून आणा. परत येऊन बघतो तर गाडी नुसती गर्जतेय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर गायब आहे, त्या जागी साधा पाइप बसवलाय. कन्व्हर्टरच्या आत महागडा धातू असतो, म्हणून त्याने वेल्डरविरुद्ध चोरीचा तक्रार अर्ज दिला.

वेल्डर तिशीतला, शांत माणूस. चाकणच्या एका कंपनीत त्याची कायम नोकरी ठरली होती, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. तरी चौकशीत त्याचं उत्तर एकच.

"साहेब, मी चोरी केली नाही. पुढचं विचारू नका."

असा माणूस एक तर पक्का चोर असतो, नाही तर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. मी खबऱ्याला भंगारवाल्यांकडे पाठवलं. तो हात हलवत परत आला. असा माल कुणाकडे आलाच नव्हता.

मग डोक्यात आलं, की काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा इथल्या गॅरेजांचा रिवाज. आणि गाडी घेऊन गेले होते ते म्हातारबाबा! मुलासोबत येऊन ते समोरच्याच बाकावर बसले होते. मी मुलाला गाडी चालू करायला सांगितलं.

आवार दणाणलं. शिपायांनी कान झाकले. म्हातारबाबांनी मात्र डोळे मिटून घेतले. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की गाडी बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी आवाज थांबला तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"आबा, तो पार्ट कुठंय?"

"गव्हाणीत हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "मीच काढाया लावला. ह्यो कवा येतो, कवा जातो, घरात कळतच न्हाई. आमची बैलं यायची, तर पार नदीच्या वळणापासनं घुंगरं ऐकू यायची. ह्याची आई तवा तव्यावर भाकरी टाकायची."

चौकशीसाठी बोलावलेला वेल्डर बाजूलाच उभा होता. तो हळूच म्हणाला, "मुलाला सांगणार नाही, असा आबांना शब्द दिला होता, साहेब."

त्या शब्दापायी तो नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता, हे मी आबांना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले. "तुझी नोकरी जाती हे नव्हतं रं ठावं मला, लेकरा," म्हणाले, आणि रडू लागले.

रिकाम्या गोठ्यात गोणपाटात गुंडाळलेला कन्व्हर्टर मिळाला. तो पुन्हा बसवायला लावला, अर्ज निकाली काढला आणि वेल्डरच्या व्हेरिफिकेशनवर मी आनंदाने सही केली. पुढे नोकरीभर, तक्रारदाराचं काय गेलं हे विचारण्याआधी मी त्याच्या घरी कोण कोण असतं ते विचारत आलो.

नंतर एकदा आळंदीला जाताना आबांच्या घरी थांबलो. वेल्डरने कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी येऊन फाटकाला एक कडी जोडून दिली होती आणि तिच्यात बैलांची जुनी घुंगुरमाळ अडकवली होती. आम्ही ओसरीत बसलो होतो. संध्याकाळी ती लाल गाडी मुकाट्याने आली. मुलाने खाली उतरून फाटक ढकललं, गरजेपेक्षा जरा जोरातच.

"आला," आबा म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.