रॉकेटमधून परतलेला बापूस

टेलिव्हिजन आपल्याकडे घरोघर पोचायला पुष्कळ वर्षं लागली, पण त्याची पहिली दुरुस्ती आमच्या बोटीवरच्या मामांनी मालवणात बसून त्याच्या कितीतरी आधी करून टाकली होती. दुरुस्ती यंत्राची नव्हे, त्यावर दाखवलेल्या गोष्टीची. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, परदेशी मालवाहू बोटीवर कुक. जगातली कुठलीही वस्तू आहे तशी सोडायची नाही, हा त्यांचा बाणा. साहेबाच्या सूपमध्ये त्यांनी जीभ बधिर करणारी तिरफळं घातली होती. "पयल्या दिवशी कप्तान जीभ भायर काढून फिरलो, तिसऱ्या दिवशी मागान घेतल्यान," असं ते सांगत, आणि ते खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. सुट्टीवर आले की ते आमच्या ओटीला डेक म्हणत, तव्यावरची भाकरी घड्याळ लावून उलटायला सांगत आणि माझ्या आईला रोज सकाळी हवेचा अंदाज देत. तो बहुतेक वेळा चुकायचा. चूक अर्थातच हवेची असायची.

त्यांची मुलगी शालू आमच्याकडेच वाढली. मामी गेल्या तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि मामांची बोट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. ते घरी पोचले वर्षाने. तेव्हापासून शालू बापाला काहीच म्हणत नसे. बाबा नाही, अहो नाही, काही नाही. "जेवण वाढलंय," हे ती खांबाला सांगायची आणि मामा मुकाट्याने पानावर येऊन बसायचे. सगळ्या गावाला शहाणपण वाटणारा हा माणूस, पण पोरीने एकदा हाक मारावी यासाठी काय करावं ते काही त्याला सुचत नव्हतं.

तर ती गोष्ट. अमेरिकेतल्या एका बंदरात, खलाशांच्या वसतिगृहात मामांनी टेलिव्हिजनच्या पेटीवर एक खेळ पाहिला. एक माणूस रॉकेटमधून आकाशात जातो. त्याच्या घड्याळाने तो वर्षभरात परततो, पण इकडे पृथ्वीवर साठ वर्षं उलटलेली असतात. गडी तसाच तरणाबांड. तो आपल्या घराचं दार वाजवतो, दार उघडते एक पांढऱ्या केसांची म्हातारी, आणि ती असते त्याची मुलगी. नेमक्या याच जागी बोटीचं बोलावणं आलं आणि मामांना उठावं लागलं. पुढे काय झालं ते अमेरिकेला ठाऊक.

मी तेव्हा शाळेत नुकतीच बाई म्हणून लागले होते. उन्हाळ्यात मुंबईकर चाकरमानी गावी आले की शाळेच्या पटांगणात नाटक व्हायचं. या वर्षी हाच खेळ आपण नव्याने लिहून करायचा, असं मामांनी मला कळवलं. विचारलं नाही, कळवलं. त्यांचं रॉकेट देवबागच्या वाळूवरून सुटणार होतं. मूळचा नायक म्हणे गोळ्या खाऊन राहायचा. मामांनी त्याच्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, दिली. एक जुनी होडी भिंतीला उभी टेकवून रॉकेटही तयार झालं. शेवटाशी येऊन मात्र घोडं अडलं. बाप आणि मुलगी समोरासमोर आल्यावर नमस्कार कुणी कुणाला करायचा? मुलगी नात्याने धाकटी, वयाने सत्तरीची!

झालं, गावाला काम मिळालं. माझी आई म्हणाली, नातं मोठं, मुलीनेच वाकावं. फर्नांडिस मास्तरांचं मत पडलं की दोघांनी मिळून देवापुढे गुडघे टेकावेत म्हणजे तंटाच मिटला. भटजींनी तर कहर केला. ज्याचं तेरावं जेवून झालं तो परत आला तर शास्त्राप्रमाणे त्याचा नव्याने जन्म झाला, त्याचं आधी बारसं घाला, आणि तान्ह्या पोराने सत्तरीच्या बाईला नमस्कार करावा हे उघडच आहे! मामा आठवडाभर भटजींशी बोलले नाहीत. शेवटी त्यांनी मुलगी वाकते असंच लिहिलं, आणि ते अक्षर शालूखेरीज कुणालाच लागत नसल्यामुळे तिला वही देऊन विंगेत उभं केलं.

नायक अर्थात मामाच. मुलीच्या कामाला आबा शिंपी. आबांनी जन्मभर दशावतारात राण्या रंगवल्या होत्या, आणि दशावतारात वही नसते. ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. तालमीत त्यांनी सगळं मान्य केलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुपारी चारला पडदा उघडला. मामांनी दार वाजवलं, "मी तुझो बापूस" म्हणाले आणि नमस्कार घ्यायला पाय पुढे करून उभे राहिले. आबा वाकेचनात. पदर खोचून ते बोलायला लागले.

"बापूस? आवस गेली तेव्हा तुमी खंय होतास?"

वहीत हे नव्हतं. प्रेक्षक पुढे सरकले. मामांनी आबांकडे पाहिलंच नाही; ते वळले ते विंगेकडे. तिथे शालूच्या शेजारी मी उभी होते, आणि त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"माका तार उशिरा मेळली गो," ते म्हणाले. "बोट भर दर्यात होती. मी कप्तानाचे पाय धरलंय."

ही गोष्ट त्यांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती. तिरफळांची शंभरदा सांगितली, ही एकदाही नाही. शालूने वही मिटली आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हात-पाय धुवा, बाबा. मी जेवूक वाढतंय."

तेच वाक्य आबांनी पुन्हा म्हटलं आणि मी पडदा ओढला. लोकांना वाटलं, असंच लिहिलेलं आहे. टाळ्या थांबेनात. भटजीही वाजवत होते.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने मामांना जायचं होतं. बंदरावर ते हमालाला ट्रंक कशी उचलावी हे शिकवत होते. आगबोटीपर्यंत नेणारी होडी सुटायच्या वेळी शालूने विचारलं, "बाबा, आता कधी येतलास?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे गृहीतच धरून चाललो होतो की कंपनी सोडेल तेव्हा ते येतील. मामांनी ट्रंक स्वतःच उचलली आणि ते होडीत बसले. होडी बरीच लांब गेल्यावर ते उठून उभे राहिले आणि हातवारे करत काहीतरी सांगू लागले. वाऱ्याने एक शब्द इकडे येऊ दिला नाही. शालू मात्र मान हलवून हो हो म्हणत राहिली.