पुस्तकातली कॅटफिश

फोन दादऱ्याच्या यार्न फॅक्टरीतून होता. जी.एम. कुलकर्णीसाहेब स्वतः बोलत होते. मी म्हणालो, "बोला साहेब, शिंदे बोलतोय."

"हां शिंदे. वहिनी आहेत का?"

दुकान माझं. बोर्डावर नाव माझं. आणि फोन माझ्या बायकोला. मी रिसीव्हर कुसुमच्या हातात दिला आणि मुद्दाम तिथेच उभा राहिलो.

नव्वदनंतरची ती वर्षं. सिल्वासात भराभर फॅक्टऱ्या उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक साहेबाला रिसेप्शनमध्ये माशांची टाकी हवी होती. मी नाशिकहून मशीन ऑपरेटर म्हणून आलो होतो. नोकरी सोडली आणि तिथेच, डोकमर्डीला, अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकलं. त्याआधी मुंबईला राहून काम शिकलो, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. कोणता मासा कोणाबरोबर नांदतो याचा तक्ता त्यात होता. तो मला तोंडपाठ होता. कुसुमनं ते पुस्तक कधी उघडलंही नाही. तिचं माहेर डहाणूच्या किनाऱ्यावर, वडील मच्छीमार. मला मलेरिया झाला तेव्हा महिनाभर फॅक्टऱ्यांच्या टाक्या तिनं सांभाळल्या. त्या महिन्यात एकही मासा मेला नाही. मी बरा झालो, पण गिऱ्हाइकं वहिनींची झाली ती झालीच. "वहिनी काय म्हणतात?" हे ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. शेजाऱ्यावर जळणारे पुष्कळ बघितले होते. मी घरच्या माणसावर जळत होतो.

साहेबांचं काम साधं होतं. त्यांच्या सहा फुटी टाकीत चोवीस निऑन टेट्रा होते. निऑन म्हणजे निळी-लाल चमकती पट्टी असलेला, जेमतेम इंचभर लांबीचा मासा. तो पाण्याच्या मधल्या भागात फिरतो. तळ रिकामा दिसत होता. सोमवारी मुंबईहून डायरेक्टर येणार होते. तळाशी काहीतरी फिरतं हवं होतं. मिशावाले, तळाशी राहणारे मासे म्हणजे कॅटफिश. काम डायरेक्टरना आवडलं तर त्यांच्या दोन्ही नव्या युनिटच्या टाक्या आमच्याकडे येणार होत्या.

दुकानात तेव्हा दोन जातींच्या कॅटफिश होत्या. सहा कोरी, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढ्या, मातकट, दिसायला अगदीच सामान्य. आणि तीन पिक्टस. चांदीसारखं अंग, काळे ठिपके, शेपटीपर्यंत जाणाऱ्या मिशा. बघणारा थांबलाच पाहिजे.

कुसुम म्हणाली, "कोरी देऊ. सहाच्या सहा, एकेकटी राहत नाही ती. आणि तळाची खडी काढून धुतलेली वाळू टाकू, खडीनं मिशा झिजतात."

"पिक्टस देऊ," मी म्हणालो. "साहेब लोकांना शो लागतो."

"अहो, त्याचं तोंड बघा. निऑन आख्खा जाईल त्यात."

"पुस्तकात लिहिलंय. कॅटफिश, स्वभाव शांत."

"पुस्तकातली कॅटफिश कुठली?"

कुठली, ते मला माहीत होतं. कॅटफिश म्हणणं म्हणजे नुसतं पाटील म्हणण्यासारखं आहे. कुठला पाटील, हे विचारावं लागतं. तक्त्यातल्या शांत कॅटफिशच्या शेजारी बारीक अक्षरात 'कोरी' असं छापलेलं होतं.

शनिवारी कुसुमनं कोरी ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत बांधून ठेवल्या आणि ती बाजारात गेली. मी ती पिशवी परत टाकीत रिकामी केली, पिक्टस भरले आणि स्कूटर काढली. एकदा तरी साहेबांनी मला शाबासकी द्यावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

साहेबांनी मासे बघितले. "वा, सुंदर. वहिनींचं सिलेक्शन?"

"माझं," मी म्हणालो.

"असं का," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मी दुकान बंद करून घरी गेलो आणि कुसुमला सांगितलं, कोरी पोचल्या. रविवारी फॅक्टरी बंद, दुकानही बंद. सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोच फोन वाजला. गेटवरचा वॉचमन होता, धुळ्याकडचा. "शिंदेदादा, मासा कमी व्हयी ग्यात."

मी पोचलो तेव्हा नऊ निऑन उरले होते. तेही एका कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वर. पिक्टस तळाशी पडले होते, पोटं टम्म. हा मासा अंधारात शिकार करतो आणि रिसेप्शनचे दिवे दोन रात्री बंद होते.

डायरेक्टर अकराला येणार होते. मी घाईनं जाळी घातली. पिक्टसच्या कल्ल्यामागच्या पंखात करवतीसारखा काटा असतो. तो जाळीत अडकला. सोडवायला गेलो तर तोच काटा माझ्या अंगठ्यात घुसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अर्धा हात सुजला आणि मासा जाळीला लटकलेला. साहेब मागे उभे होते.

"वहिनींना बोलवा," ते म्हणाले.

कुसुम रिक्षानं आली. एका हातात कोरींची पिशवी, दुसऱ्या हातात वाळूची बादली आणि तिच्यात प्लास्टिकचा मग. तिनं आधी माझा अंगठा बघितला आणि कँटीनमधून गरम पाणी मागवलं. "सोसेल तेवढं गरम, यात धरा." मग कात्रीनं जाळी कापून तो मासा सोडवला. उरलेले दोन मगात अलगद घेतले. जाळी लावलीच नाही. वाळू अंथरली, कोरी सोडल्या. सहाही जणी लगेच मिशांनी वाळू चाचपत निघाल्या. मी पातेल्यात हात घालून खुर्चीवर बसून होतो.

साहेबांनी विचारलं, "वहिनी, हे झालं कसं?"

कुसुम माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडून पिशव्या बदलल्या साहेब. माझी चूक."

साहेब हसले. "वहिनी, तुमच्याकडून? शक्यच नाही."

अंगठ्यापेक्षा ते जास्त लागलं. तिनं माझी चूक अंगावर घेतली आणि ती तिच्या अंगावर कोणी राहूही देईना.

डायरेक्टर आले, टाकीपाशी थांबले, कोरींकडे बघत राहिले. नव्या युनिटच्या दोन्ही टाक्या आम्हाला मिळाल्या. कागदावर कोणाशी संपर्क साधायचा त्या रकान्यात कुसुमचं नाव होतं. ते साहेबांनी स्वतः लिहिलं होतं.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, "खोटं कशाला बोललीस?"

"तुम्ही कशाला बोललात शनिवारी?" ती म्हणाली आणि पिक्टसना वेगळ्या टाकीत सोडलं. जोडीला तिनं मोठे, रुंद अंगाचे गुरामी मासे दिले, तोंडात न मावणारे. ते पुढे वर्षानुवर्षं नीट नांदले.

टाकीत जोडीदार निवडताना पुस्तकातला स्वभाव नंतर वाचावा, तोंडाचा आकार आधी बघावा. हे मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि विचारतात, "वहिनी आहेत का?"

मी आत हाक मारतो. अजूनही थोडं झोंबतं.