धुळवडीचं औषध

“हलू नकोस. सरळ उभा रहा,” भाऊसाहेब म्हणाले आणि एका बोटानं माझ्या दंडाला शिवले.

धुळवडीची सकाळ. माधव नगरातलं त्यांचं अंगण. कडेला चुलाण्यावर आंघोळीचा हंडा उकळत होता. घरची पाच माणसं जुने कपडे घालून रांगेत उभी. एकेकानं मला शिवायचं आणि न्हाणीत पळायचं. पोथीत म्हणे लिहिलंय, धुळवडीला महाराला शिवून आंघोळ केली की वर्षभर घरात रोगराई येत नाही. च्यायला, वर्षभर आमचा विटाळ आणि एक दिवस आम्ही औषध!

वीस वर्षं हे औषध माझा बाप होता. खानदेशातून रेल्वेच्या हमालीला आलेला. दर धुळवडीला त्या अंगणात उभा राहायचा, वरून टाकलेल्या दोन पुरणपोळ्या धोतराच्या सोग्यात झेलायचा. त्या साली क्षयानं पडून होता. मला म्हणाला, “तू जा बाबा. मोठ्यांची रीत मोडू नाही. तुझी नोकरी त्यांच्या हातात हाय.”

खरं होतं. मी मॅट्रिक झालेला कारकून आणि भाऊसाहेब आमचे बडे बाबू. अस्पृश्यतेचा कायदा झाला, कचेरीच्या पाटीवर मध्यभारताचं मध्यप्रदेश झालं, तरी हा माणूस माझ्या टेबलावर फाईल लांबूनच फेकायचा. बापाच्या भीतीपायी गेलो मी. अजून लाज वाटते.

मग त्यांचा थोरला मुलगा पुढं आला. बरगडीत बोट खुपसून हसला. “बाबा, ये तो झुकता भी नहीं! म्हातारा कसा लगेच पाया पडायचा.”

“हो रे, म्हातारा कसा आहे?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“रक्त ओकतोय.”

“अरे राम! आणि मी तुला शिवलो? आधी बकायला काय झालं होतं?”

माझं डोकंच फिरलं. झडप घालून त्यांचं मनगट धरलं आणि पिळलं.

“एका बोटाला एवढं पुण्य, मग अख्ख्या पंजाला किती? बोला!”

“छोड, हरामखोर!”

मुलानं चुलाण्यातलं जळतं लाकूड ओढून माझ्या पाठीत घातलं. सदरा पेटला, कातडी चरचरली. मनगट सोडलं नाही. काड्कन वाजलं तेव्हा सोडलं, आणि जाता जाता लाथेनं हंडा उलथवला. उकळतं पाणी अंगणभर पसरलं. बायका किंचाळत ओट्यावर चढल्या.

बापानं ऐकलं आणि उठून माझ्या थोबाडीत मारली. “नोकरी घालवलीस, मेल्या!”

“जाऊ दे. आपल्यातलं कुणी परत त्या अंगणात गेलं तर तंगडं तोडीन. बा, तू गेलास तरी.”

नोकरी गेली. पावसाळ्यात बापही गेला. पुढच्या धुळवडीला तांबडं फुटताच मी देवास गेटामागच्या आमच्या वस्तीच्या तोंडाशी लाठी घेऊन बसलो. औषधाला माणूस मागायला जो येईल, त्याला आत येऊ देणार होतो. धड परत जाऊ देणार नव्हतो.